पंप नवा टाकला तरी ऑईलचा दिवा लागतोच: जुन्या मारुती 800 आणि ओम्नीसाठी

गाडी मारुती 800 किंवा ओम्नी, वय पंधरा-वीस वर्षं. सकाळी थंड इंजिन चालू केलं तर काहीच तक्रार नाही. तालुक्याच्या बाजारापर्यंत गाडी पळवली, फाटकावर उभी राहिली, की डॅशबोर्डवरचा लाल बुदलीचा दिवा मिचमिचायला लागतो. रेस दिली की विझतो, स्लोवर आली की पुन्हा लागतो. कुणीतरी सांगतं, ऑईल पंप गेला. पंप बदलला जातो, टायमिंग कव्हर उघडण्याची मजुरी जाते आणि आठवडाभरात दिवा पुन्हा हजर. यवतमाळकडच्या आमच्या गॅरेजात एप्रिल-मे महिन्यांत अशा गाड्या सारख्या येतात आणि मालकाचं बोलणं ठरलेलं असतं: "पंप नवा टाकला ना भाऊ, तरी गरम झाली का दिवा लागतेच."

हा खर्च टाळता येतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पंप फक्त ऑईल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते त्या ऑईलला पुढे बेअरिंगच्या बारीक फटीतून जावं लागतं म्हणून. फट मोठी झाली, ऑईल पातळ झालं, किंवा पंपाला खालून ऑईल मिळालंच नाही, तर नवाकोरा पंपही प्रेशर दाखवणार नाही. म्हणून प्रेशर मोजणारं गेज लावल्याशिवाय पंप विकत घेऊ नका.

दिवा लागला की काय करायचं

स्लोवर मिचमिचणं आणि चालत्या गाडीत दिवा लागून राहणं यांत फार फरक आहे. हा दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण 0.3 ते 0.5 किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) प्रेशरच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. चांगल्या इंजिनात गाडी रस्त्यावर असताना प्रेशर तीन किलोच्या वर असतं. म्हणजे धावत्या गाडीत दिवा लागला तेव्हा प्रेशर कमी झालेलं नसतं, जवळजवळ संपलेलं असतं. त्या क्षणी गाडी बाजूला घ्या आणि चावी बंद करा. "पुढच्या गावापर्यंत हळूहळू नेतो" या एका विचारापायी क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं जळालेली इंजिनं आम्ही उघडतो. तिथून पुढे खर्च पंपाचा राहत नाही, अख्ख्या इंजिनाचा होतो. ट्रॅक्टरला दोर बांधून आणा, पण इंजिन चालू करू नका.

स्लोवर, तेही फक्त गरम इंजिनात मिचमिचत असेल, तर तपासायला वेळ आहे. पण महिनोन् महिने नाही.

आधी दिवा खरं बोलतो का ते पाहा

ऑईल प्रेशर स्विचला एकच वायर असते, दुसरं टोक इंजिनच्या बॉडीतून अर्थ होतं. प्रेशर नसलं की आतला संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. म्हणून चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, तर दिवा लागलाच पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहा. दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल, किंवा त्रास लपवायला कुणी वायर काढून ठेवली असेल.

इंजिन चालू असताना दिवा विझतच नसेल तर स्विचवरची वायर काढून बघा. वायर काढल्यावरही दिवा पेटलेला राहिला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर आमच्याकडे काही नवीन नाही, गाडी गोठ्याच्या शेजारी उभी राहते तिथे तर नेहमीचंच. स्विचच्या टोपणातून ऑईल पाझरत असेल, तर तोही बदलायला झालाय. स्विच स्वस्त आहे, म्हणून लोक तो आधी बदलतात. बदला, हरकत नाही, पण दिवा विझला म्हणजे रोग गेला असं समजू नका.

डिपस्टिक, वास आणि बोट

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक काढा. लेव्हल खालच्या खुणेच्या खाली असेल तर वळणावर आणि ब्रेक मारताना ऑईल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. अशा गाडीचा दिवा नेमका वळणावर लागतो.

लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर ते जास्त गंभीर आहे. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्यूल पंपाचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. तो पंप कॅमवर चालतो आणि पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं. दोन बोटांत ऑईल घासून बघा, पाण्यासारखं सुटत असेल तर प्रेशर कुठून येणार? ऑईल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणी मिसळलंय, मग हेड गॅस्केटकडे वळा. पंपाचा त्यात दोष नाही.

ऑईलच्या ग्रेडवर इथे थोडं थांबतो, कारण आमच्या हवेत हा भाग फार महत्त्वाचा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. रेडिएटर अर्धा चोंदलेला, पंखा कधी चालतो कधी नाही, अशा गाडीत ऑईल जेवढं तापायला नको तेवढं तापतं. 40 ग्रेडचं ऑईल 100 अंश तापमानाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स (जाडपणाचं एकक) जाड असतं, 30 ग्रेडचं 9.3 ते 12.5. झिजलेल्या इंजिनात 10डब्ल्यू-30 (शेवटचा आकडा म्हणजे हाच ग्रेड) घातलं आणि वरून पारा चढला, तर स्लोवर दिवा मिचमिचणारच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला आम्ही 20डब्ल्यू-40 वापरतो. 20डब्ल्यू-50 घालून दिवा विझतो हे खरं आहे. त्याने एक उन्हाळा निघून जातो, पण आतली झीज तशीच राहते आणि वाढते. हे औषध नाही, मुदतवाढ आहे. आणि डब्यातून मापून मिळणारं सुटं ऑईल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही.

गेज लावा

प्रेशर स्विच काढायचा आणि त्या जागी मेकॅनिकल गेज बसवायचं. आटा एक अष्टमांश इंचाचा, निमुळता असतो. हाताने दोन-तीन फेरे नीट बसला पाहिजे. बसत नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नका, गेजचा आटा वेगळ्या जातीचा आहे, ॲडॉप्टर शोधा. टेफ्लॉन टेप कमी गुंडाळा, तिचा तुकडा आत गेला तर नवं दुखणं.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. म्हणजे पंखा एकदा लागून बंद व्हायला हवा. आता स्लोवर किती, मध्यम रेसवर किती, आणि 3000 आरपीएमच्या आसपास किती, हे तिन्ही आकडे लिहून घ्या. जुन्या 800 ला आरपीएमचा काटा नसतो, मिस्त्रीकडे टॅकोमीटर असेल तर उत्तम. गरम इंजिनात 3000 आरपीएमला साधारण 3 ते 4 किलो मिळायला हवं.

रेसवर साडेतीन किलो मिळतंय आणि स्लोवर मात्र अर्ध्या किलोच्या आसपास येतंय, तर पंपावर संशय घेण्याआधी बेअरिंगची झीज आणि ऑईलचा पातळपणा बघा. थंड असताना भरपूर आणि गरम झाल्यावर घसरण, हे याच गटातलं.

थंड-गरम, स्लो-रेस सगळीकडेच कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व (प्रेशर फार चढलं की जास्तीचं ऑईल सोडणारा) उघडा अडकलेला, चेंबरच्या तळातून ऑईल गाळून पंपाला देणारी जाळी चोंदलेली किंवा पंप झिजलेला, या तिघांपैकी एक.

स्लोवर ठीक आणि रेस वाढवली की काटा खाली येतो, तर जाळी. पंप जेवढं मागतो तेवढं ऑईल जाळीतून येतच नाही. आणि काटा एका जागी न राहता थरथरत असेल, तर सक्शनमध्ये हवा शिरतेय: जाळीच्या पाइपचा ओ-रिंग कडक झालाय किंवा लेव्हल कमी आहे.

प्रेशर उत्तम आणि दिवा तरीही लागतो, तर स्विच किंवा वायर. पंपाला हात लावायचं कारण नाही.

चेंबर उतरवा

गेजने आत जायला सांगितलं तर सगळ्यात आधी चेंबर, पंप नंतर. गाडी घोडीवर नीट टेका, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. ऑईल गरम असतानाच सोडा. ते स्वच्छ भांड्यात घ्या आणि उन्हात धरून बघा. चमचमणारी भुकटी दिसली तर बेअरिंग झिजतंय. तांबूस छटा दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा थर उघडा पडलाय.

चेंबर खाली आला की आधी तो उलटा करून बाहेरून बघा. वरूडकडून संत्री आणणाऱ्या एका ओम्नीचं उदाहरण सांगतो. पंप दोन वेगवेगळ्या ठिकाणी बदलून झाला होता. आम्ही चेंबर उतरवला तर तळाला मुठीएवढी पोची. पांदणीतला दगड लागलेला. आतून बघितलं तर पोचीचा फुगवटा बरोबर जाळीच्या खाली. जाळीच्या घासटीची गोल खूण पत्र्यावर उमटलेली, आणि जाळी व तळ यांच्यात नख जाईल एवढीच जागा. स्लोवर पुरेल इतकं ऑईल तिथून जायचं, रेस दिली की काटा खाली. चेंबर ठोकून सरळ केला, जाळीची कड नीट केली, जुनाच पंप तपासून परत बसवला. आमच्या भागात शेतातल्या रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा चेंबर खालून चाचपून बघायला हवा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जाळी काढून उजेडात धरा. काळा चिखल असेल तर तो ऑईल वेळेवर न बदलल्याचा. आणि फार वेळा निघतात ते सिलिकॉनचे धागे. मागच्या वेळी गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटवर बोटभर सिलिकॉन फासलेलं असतं. चेंबर कसला की जास्तीचं आत दाबलं जातं, तुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. पंप बदलल्यावर आठवडाभरात दिवा परत लागण्याचं हे मोठं कारण आहे: पंप बदलतानाच नवा रोग आत सोडलेला असतो. सिलिकॉनची रेघ तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने एकच सलग फेरा आणि जुळणाऱ्या दोन्ही बाजू स्वच्छ, कोरड्या.

इथे एक आग्रहाची विनंती. ऑईल बदलण्याआधी डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन चालवून "धुण्याची" पद्धत जुन्या, चिखल साचलेल्या इंजिनात करू नका. बाजूंना चिकटून बसलेला चिखल एकदम सुटतो आणि सगळा जाळीवर येतो. शिवाय तेवढा वेळ बेअरिंगं डिझेलवर फिरतात. चेंबर उतरवून ब्रशने, हाताने धुवा. वेळ लागतो, पण काम होतं.

बेअरिंग

चेंबर उघडाच आहे तर कनेक्टिंग रॉडची एक कॅप आणि क्रँकच्या मेन बेअरिंगची एक कॅप काढून शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) बघा. खुणा करून काढा, कॅप अदलाबदल होता कामा नये आणि उलटीही बसता कामा नये. शेल एकसारखी राखाडी असेल तर ठीक. ओरखडे, तांबडे डाग, उडालेले पोपडे असतील तर तुमचा दिवा इथून लागतोय. फट मोजायला प्लॅस्टिगेजचा (फटीत दाबून मोजायचा) धागा मिळतो, नागपूरच्या दुकानांत सांगून ठेवला तर येतो. रॉडची फट 0.08 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर नुसत्या नव्या पंपाने काही होणार नाही. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने मोजायचा. तो गोल आणि मापात असेल तर फक्त शेल, नाहीतर क्रँक ग्राइंडिंगला देऊन 0.25 मिलिमीटर अंडरसाईज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीची) शेल. लेथवाल्याकडे क्रँक देण्याआधी शेल हातात घ्या, मग त्या मापाने घासायला सांगा. उलट क्रमाने केलं की अडकायला होतं.

आता पंप

800 आणि ओम्नीच्या 796 सीसी इंजिनात पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या खालच्या पुलीमागे असतो. क्रँकच त्याला थेट फिरवतो. आत एकात एक दोन रोटर. म्हणून पंपासाठी फॅन बेल्ट, क्रँक पुली, टायमिंग कव्हर, बेल्ट, चेंबर आणि जाळी हे सगळं उतरावंच लागतं. बॅटरीची मायनस वायर आधी काढा. बेल्ट काढण्यापूर्वी कॅम पुली आणि क्रँकच्या खुणा जुळवून घ्या. त्या जुळलेल्या अवस्थेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पंप काढला की मागची प्लेट उघडा. स्क्रू घट्ट असतात, इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर वापरा, डोकी घासली तर वैताग. रोटर धुऊन परत बसवा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. बाहेरचा रोटर आणि बॉडी यांत 0.31 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. मग बॉडीवर सरळ पट्टी आडवी ठेवून रोटर आणि पट्टी यांतली फट बघा, ती 0.15 च्या आत हवी. प्लेटच्या आतल्या बाजूला नख अडकेल एवढ्या गोल खाचा पडल्या असतील तर आकडे काहीही सांगोत, पंप बदला.

रिलीफ व्हॉल्व विसरू नका. प्लंजर (आतला सरकता दट्ट्या), स्प्रिंग काढून धुवा, प्लंजरला ऑईल लावून बोअरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेला पाहिजे. अडकला, त्यावर ओरखडे असले, तर तोच चोर. स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवायची युक्ती काही ठिकाणी करतात. त्याने गरम स्लोवरचं प्रेशर वाढत नाही, कारण तेव्हा व्हॉल्व बंदच असतो. उलट सकाळी थंड इंजिनात प्रेशर नको तेवढं चढतं आणि फिल्टरचं सील फुटतं.

नवा पंप घेताना जुना सोबत न्या आणि चेसिस नंबर दाखवा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप आणि 2000 नंतरच्या एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीचा पंप एकमेकांत जाईल असं धरून चालू नका. 800 चं उत्पादन 2014 मध्ये आणि ओम्नीचं 2019 मध्ये थांबलं, तरी पार्ट मिळतात, मात्र नकली मालही तेवढाच मिळतो. दुकानातच प्लेट उघडायला लावा, रोटर बोटाने फिरवून बघा. कुठे अडखळत असेल, कास्टिंगला धारदार खरबरीत कड सुटलेली असेल तर परत करा.

बसवताना

नव्या पंपात रोटरच्या मधे साधी पांढरी व्हॅसलीन भरा किंवा ऑईल ओता. ग्रीस भरू नका. व्हॅसलीन गरम ऑईलात विरघळून जाते, ग्रीस तसं विरघळत नाही आणि गोळा होऊन बारीक वाटा अडवतं. कोरडा पंप पहिल्यांदा ऑईल खेचत नाही, आणि तेवढ्या मिनिटभरात नवी बेअरिंगं खराब होतात.

क्रँकचं ऑईल सील नवंच टाका, ओठाला ऑईल लावा. पंप क्रँकवर सरकवताना सीलचा ओठ क्रँकच्या कडेवर उलटतो, तिथे पातळ प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून मार्गी लावा आणि मग तो काढून घ्या. आतल्या रोटरची खाच क्रँकला जुळल्याशिवाय बोल्ट आवळत पंप आत ओढू नका, बॉडी तडकते. दहाच्या पान्याने बसणारे हे लहान बोल्ट साधारण 1 किलोग्रॅम-मीटर टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळायचे. जाळीच्या पाइपला नवा ओ-रिंग, ऑईल लावून. टायमिंग बेल्ट काढलाच आहे तर नवा घाला, परत तेवढीच मजुरी देण्यात अर्थ नाही. बेल्ट बसल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा.

फिल्टरही चांगल्या जातीचा घ्या. त्यात ऑईल मागे न येऊ देणारा रबरी पडदा असतो. स्वस्त फिल्टरमध्ये तो कडक किंवा गायबच असतो, आणि मग रोज सकाळी दिवा विझायला चार-पाच सेकंद लागतात. फिल्टर ऑईलने भरून, रबराला बोटाने ऑईल लावून, हातानेच आवळा.

प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडून स्टार्टर थोडा थोडा मारा. दहा सेकंद मारा, थोडं थांबा. गेजचा काटा उचलला किंवा दिवा विझला की मगच प्लग लावून इंजिन चालू करा. काटा उचलतच नसेल तर इंजिन चालू करण्याचा मोह टाळा आणि जाळीचा ओ-रिंग पुन्हा बघा.

ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी असेल तर पंप चेंबरच्या आत असतो आणि कॅमशाफ्टवरून दांड्याने फिरतो. तिथे टायमिंगला हात लागत नाही, काम सोपं आहे. पण तपासण्याचा क्रम तोच: लेव्हल, गेज, जाळी, बेअरिंग, मग पंप.

पुढचा उन्हाळा

नव्या कामानंतर पहिलं ऑईल आणि फिल्टर 500 ते 1000 किलोमीटरला बदला, कारण राहिलेला चिखल तेव्हाच सुटतो. पुढे आमच्या धुळीत 5000 किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. वणी-घुग्घुसकडे कोळशाच्या रस्त्यावर गाडी असेल तर एअर फिल्टर दर आठवड्याला झटका. एअर फिल्टरच्या कडेने शिरलेली धूळच ऑईलात जाऊन बेअरिंग आणि पंपाचे रोटर घासते.

काम झाल्यावर गेजचे तिन्ही आकडे, ऑईलचा ग्रेड आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात दिवा पुन्हा मिचमिचला तर गेज लावून त्याच आकड्यांशी ताडून बघा. स्लोचा आकडा घसरला असेल आणि रेसचा तोच असेल, तर मिस्त्रीला पंपाचं नाव काढू देऊ नका, बेअरिंगकडे बघायला सांगा.